मागच्या बाकावरची नजर

चौगुले सरांनी त्या सकाळी टेबलावर दोन रिव्हॉल्वर मांडली. दोन्हींच्या गोळ्या भरायच्या चक्र्या उघड्या, दोन्ही रिकाम्या, दोन्हींच्या नळ्या समोरच्या मातीच्या बांधाकडे. मला त्यांनी बसायची खूण केली. एक रिव्हॉल्वर माझ्यासाठी, हे कळलं. दुसरं कुणासाठी, हे विचारावं की नको अशा विचारात असतानाच बाहेर गाडी थांबली, दार आपटलं, आणि खिडकीतून मला त्या गाडीच्या टपावरची पाटी दिसली. 'मुजावर मोटार ट्रेनिंग', आणि शेजारी लाल रंगात भला मोठा एल.

"माझ्या आधीच आलासा की," असं म्हणत नसीम मुजावर आत आली, ओढणीनं कपाळ पुसलं आणि सरांनी पुढे केलेल्या खुर्चीवर बसली. खुर्ची सरांनी स्वतः उठून पुढे केली होती. मी सोळाव्या वर्षापासून त्या क्लबात येत होते, आणि माझ्यासाठी कुणी खुर्ची पुढे केल्याचं मला आठवत नव्हतं.

"आजपासून दोघी," सर म्हणाले. "महिनाभर शिकवायला शिकायचं. महिना संपला की एकीचं नाव मी वर पाठवणार."

मी हसले. हसण्याशिवाय दुसरं काही सुचलं असतं तर तेही केलं असतं.

ही जयसिंगपूरची गोष्ट, बऱ्याच वर्षांपूर्वीची. गावाबाहेर तंबाखूची एक जुनी वखार होती. ती भाड्यानं घेऊन, मागच्या माळावर मातीचा उंच बांध घालून चौगुले सरांनी रायफल क्लब काढला होता. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. आमच्या भागातल्या ज्याला कुणाला पिस्तुलाचा परवाना हवा असेल, मग तो सराफ असो, पेट्रोल पंपवाला असो नाहीतर मळ्यात एकटा राहणारा म्हातारा असो, त्याला आधी सरांच्या हाताखालून जावं लागे. शस्त्र धरायचं कसं, ठेवायचं कसं, भरायचं आणि रिकामं करायचं कसं, हे शिकून सरांची सही मिळाली की मगच त्याचा अर्ज पुढे सरके. पण सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि लेक त्यांना बेळगावला बोलावत होती. त्यांच्या जागी सही करणारं कुणीतरी हवं होतं.

ते कुणीतरी म्हणजे मी, यात मला तरी शंका नव्हती. पद्मजा मगदूम म्हटलं की आमच्या जिल्ह्यात लोक पिस्तूलच आठवायचे. राज्याची पदकं मी आणली होती. देशाच्या संघात मात्र केसाच्या अंतरानं राहिले, आणि ते केसाचं अंतर माझ्या घशात कायमचं अडकून बसलं होतं. चौतिसावं लागलं होतं. लग्न मोडलेलं, राहणं भावाकडे, दिवसभर त्याच्या कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या. संध्याकाळी वखारीत पाऊल टाकलं की मात्र मी पुन्हा कुणीतरी होत असे. सर गेल्यावर तिथं दुसरा कुणी बसला, तर माझ्या वाट्याला उरणार होत्या त्या फक्त साड्यांच्या घड्या.

आणि आता ही आयत्या बिळावरची नागीण.

नसीमची गोष्ट अशी. तिचा नवरा वारला, त्याची परवान्याची बंदूक तिच्या नावावर करायची, म्हणून ती आधी साधी शिकाऊ म्हणून आली होती. तिच्या गोळ्या कागदावर आठवड्याचा बाजार भरवायच्या. एक इकडे, एक तिकडे, एक थेट बांधात. पण तिच्या शेजारी एक घाबरट म्हातारे गृहस्थ शिकत होते. त्यांचे हात थरथरायला लागले की ही त्यांना त्यांच्या म्हशीबद्दल विचारायची, आणि बोलता बोलता त्यांचा हात स्थिर व्हायचा. सरांनी ते पाहिलं. सरांना मोतीबिंदू होता तरी नको ते नेमकं दिसायचं.

शिकवणं हा तिचा धंदाच होता, हे खरं. वीस वर्षं ती गाडी शिकवत होती. तिच्या शेजारच्या सीटखाली आणखी एक ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर पाय ठेवून तिनं अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलं होतं. आमची वहिनीसुद्धा तिच्याकडेच शिकलेली. त्यामुळे घरीही माझी सुटका नव्हती. मी भाकरीचा तुकडा मोडते न मोडते तोच वहिनी म्हणायची, "नसीमभाभी तुमच्याबरोबर हाय म्हणं आता? लई गुणाची बाई. मी दोनदा गाडी नाल्यात घातली असती, पण आवाज चढवला नाही तिनं." भाऊ वर पाहायचा नाही. त्याला माझी पदकं म्हणजे धूळ पुसायचं काम वाटायचं, आणि सरांची खुर्ची मिळाली तर मी दुकानात कमी बसेन, ही त्याची खरी चिंता होती.

सरांची शिकवण्याची पद्धत विचित्र होती. शिकवणाऱ्यानं शिकाऊच्या हातातून शस्त्र घ्यायचं नाही. करून दाखवायचं नाही. सांगायचं, आणि त्याच्याकडून करून घ्यायचं. मला हे जमेना. माणूस समोर चुकतोय, चाप झटक्यानं ओढतोय, गोळी खाली जातेय, आणि मी नुसती तोंडानं सांगत उभी राहू? माझा हात आपोआप पुढे व्हायचा. एकदा पोस्टातल्या एका बाईंना मी म्हणाले, "द्या इकडे, हे असं." आणि त्यांच्या हातातून पिस्तूल घेऊन पाचही गोळ्या काळ्या वर्तुळात बसवल्या. बाई टाळ्या वाजवू लागल्या. मी सरांकडे पाहिलं.

"छान," सर म्हणाले. "आता त्यांना काय आलं?"

मी पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"तू शिकवत नाहीस, पद्मजा. तू जिंकतेस."

पलीकडे नसीम उभी होती. तिनं नजर वळवली, जणू ऐकलंच नाही. मला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं. तिचा तो समजूतदारपणा मला मिरचीसारखा झोंबला.

तिची पद्धत वेगळीच. शिकाऊच्या डाव्या अंगाला उभी राहायची आणि गप्पा मारत राहायची; दुकान कसं चाललंय, मुलगी कितवीत आहे, यंदा ऊस गेला का. आणि गप्पांच्या मध्येच, आवाज जरासुद्धा न बदलता, म्हणायची, "थांबा." त्याबरोबर त्या माणसानं जे काही चाललं असेल ते सोडून शस्त्र टेबलावर ठेवायचं आणि दोन्ही तळवे उघडे करायचे. चहा पितानाही ती रिकाम्या पिस्तुलावर हाच खेळ घ्यायची. 'थांबा' हा आमच्या रेंजवरचा जुना शब्द. तो कुणीही उच्चारावा, अगदी झाडलोट करणाऱ्या मावशींनीसुद्धा, आणि तो ऐकला की सगळ्यांनी हात मोकळे करावेत, असा सरांचा दंडक होता. पण तो शब्द वर्षातून एखाद्या वेळी वापरायचा, असं मी समजत होते. ही बाई तो पाणी शिंपडावा तसा शिंपडत होती. मी सरांना म्हणाले, हा बालवाडीचा खेळ झाला. सर म्हणाले, असेल.

तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. माझं शिकवणं संपलं की पूर्वी मी सरावाला उभी राहायचे; आता मागच्या बाकावर बसून तिचं शिकवणं बघायचे. शिकण्यासाठी नव्हे. तिची चूक सापडावी म्हणून. तिच्या शिकाऊचं बोट चापाभोवतीच्या कडीत केव्हा जातं, मनगट केव्हा वाकतं, नळी बांधावरून किती बाजूला सरकते, हे मी मांजर उंदराकडे बघतं तसं बघत बसायचे. एखाद्याचं बोट वेळेआधी आत गेलं की माझा जीव वर यायचा. पण माझा श्वास सुटायच्या आत नसीम बोलायची, "बोट बाहेर हाय न्हवं, शेठ?" आणि बोट बाहेर यायचं. मी मनातल्या मनात हात चोळायचे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. सरांना दिला, मला दिला. मी म्हणाले, गोड खात नाही. ती म्हणाली, "माझ्या हातचा शिरखुर्मा एकदा खावा, मग सांगा." मी खाल्ला. उत्तम झाला होता, आणि दुःख नेमकं हेच होतं. माणसाचा हेवा करावा तर त्यानं निदान काहीतरी बिघडवून तरी ठेवावं.

त्याच दिवशी सर आणि ती कशावरून तरी खळखळून हसताना मी दारातून पाहिलं. सरांना हसताना मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं असं नाही, पण असं नव्हतं पाहिलं. मला जाऊन विचारता आलं असतं, काय झालं म्हणून. मी चपला घातल्या आणि घरी गेले. रात्री जेवले नाही. वहिनीनं विचारलं तर पोट दुखतंय म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

महिन्याचा शेवट आला. सरांनी सांगितलं, उद्या दोघींनी एकेका माणसाचा शेवटचा पाठ घ्यायचा. शिकाऊ खरे, काडतुसं खरी. एकजणी शिकवत असेल तेव्हा दुसरीनं मागच्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. "मध्ये बोलेल तिचा मी विचार करणार नाही," असंही म्हणाले. म्हणताना त्यांचा रोख माझ्याकडे होता, असं मला वाटलं.

माझ्या वाट्याला आले पेट्रोल पंपवाले सूर्यवंशी. धिप्पाड, आत्मविश्वासाचे, हाताला पक्के. मी त्यांच्या हातातून एकदाही शस्त्र घेतलं नाही. जिभेला चिमटे घेत मी शिकवलं. त्यांच्या गोळ्या एकापाठोपाठ एक काळ्यात जाऊ लागल्या तशी मी हरखून गेले. प्रत्येक आवाजासरशी माझी नजर समोरच्या कागदावर जात होती, आणि तिथलं प्रत्येक भोक मला माझंच वाटत होतं. शेवटी सूर्यवंशींनी कागद हातात घेऊन फोटो काढून घेतला. सर स्टुलावर बसून होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक."

ठीक. पंधरा-अठरा वर्षांनी एक ठीक. तरी मी बाकावर येऊन बसले तेव्हा मला वाटत होतं की मी जिंकले आहे. नसीमच्या शिकाऊकडे पाहिलं तेव्हा तर खात्रीच पटली.

तो शिकाऊ म्हणजे इचलकरंजीचे सराफ बाबूशेठ पोरवाल. गोल, घामट, हातात अंगठ्या. नसीमनं त्यांना पहिल्याच दिवशी अंगठ्या काढायला लावल्या होत्या. आज त्यांच्या हातात सहा गोळ्यांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर होतं आणि ते देवाचं नाव पुटपुटत होते. कानात आम्हा सगळ्यांच्या कापसाचे बोळे होते, पण बोलणं ऐकू येत होतं. नसीम त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल विचारत होती. पहिली गोळी बांधात. दुसरी कागदाच्या कोपऱ्यात. तिसरीही तशीच. माझ्या गालावर हसू यायला लागलं आणि मी ते आवरलं नाही, कारण मागे बघायला कुणी नव्हतं.

चौथ्या वेळी बाबूशेठनी चाप ओढला आणि नुसता खट्ट आवाज झाला. गोळी उडालीच नाही. काडतूस नादुरुस्त असलं की असं होतं, आणि अशा वेळी काय करायचं हे नसीमनं त्यांना दहादा सांगितलं होतं. नळी समोर, हात तसाच, बोट बाहेर. बाबूशेठनी हात किंचित खाली घेतला आणि रिव्हॉल्वरकडे पाहिलं. नसीमचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. माणूस घाबरला का, हेच ती नेहमी आधी बघायची. सर स्टुलावर बसून पुन्हा चष्मा पुसत होते. आणि बाबूशेठचं बोट चापाच्या कडीतच होतं.

मला ते दिसलं. फक्त मला.

आता मला सांगता आलं असतं की माझ्या मनात त्या क्षणी माणसाच्या जिवाचा विचार आला. तसं काही झालं नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की महिनाभर वाट पाहिली ती चूक समोर घडते आहे, आणि सर चष्मा पुसताहेत. ही चूक कुणी बघणारच नाही. बोट बाहेर येईल, ती गोड आवाजात काहीतरी बोलेल, सहावी गोळी जाईल आणि सर म्हणतील, छान. मला ते सहन होईना. मी बाकावरून उठले आणि सर्व शक्तीनिशी ओरडले, "थांबा. बोट. त्याचं बोट बघा."

मी ओरडले आणि त्याच क्षणी बाबूशेठ वळायला लागले होते. नवखा माणूस हटकून करतो तेच ते करत होते. शस्त्र चाललं नाही की ते हातात धरून शिकवणाऱ्याला दाखवायला वळायचं. "बाई, हे उडंना बघा," असं म्हणत त्यांनी अंगासकट रिव्हॉल्वर नसीमकडे फिरवलं. नळी बांधावरून सरकली, खांबावरून सरकली आणि तिच्या पोटाशी आली. बोट आतच.

नसीमचा उजवा पाय उचलला गेला आणि खालच्या फरशीवर जोरात आपटला. इतक्या जोरात, की त्याचा आवाज माझ्या ओरडण्यातही मला ऐकू आला. वीस वर्षांचा पाय होता तो. तो ब्रेक शोधत होता. तिचे हात जागेवरून हलले नाहीत, तोंडातून शब्द आला नाही, फक्त पाय फरशी दाबत राहिला.

आणि बाबूशेठनी रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं. अर्धवट वळलेले, तोंड उघडं, दोन्ही तळवे पसरलेले. ते काही विचार करून ठेवलेलं नव्हतं. 'थांबा' ऐकलं आणि हातांनी ठेवून दिलं; नसीमनं गप्पांत, चहात, लग्नाच्या गोष्टीत शंभरदा ठेवायला लावलं होतं तसंच.

सर उठले. त्यांनी चक्री उघडली आणि काडतुसं टेबलावर काढली. एकाच्या बुडाला खड्डा पडला होता, पण गोळी तशीच. त्याच्या पुढचं काडतूस चांगलं होतं. चाप पुन्हा एकदा दाबला गेला असता तर चक्री फिरली असती आणि तेच उडालं असतं. सरांनी ती दोन्ही बाबूशेठना दाखवली. बाबूशेठ जमिनीवर बसले आणि पाणी मागू लागले.

नसीमनं आधी त्यांना पाणी दिलं. मग ती माझ्याकडे आली आणि तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचे हात बर्फासारखे गार होते.

"पद्मजाताई, मला पोरगी हाय," ती म्हणाली. "तिला दुसरं कुणी न्हाई."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण अशा वेळी ठेवतात. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. मला भयंकर राग येत होता. महिनाभर जिच्या चुकीची वाट पाहिली, ती चूक मी पकडली, सगळ्यांसमोर पकडली, आणि ही बाई मला त्याबद्दल दुवा देत होती.

ती सावरली तशी सरांकडे वळली. मला वाटलं, आता ती सांगेल, काडतूस खराब होतं, एरवी असं झालं नसतं. मी असते तर तेच सांगितलं असतं.

"सर, माझं नाव काढा," ती म्हणाली. "माझा पाय बघितलासा न्हवं? माझं सगळं शहाणपण त्या पायात हाय. गाडीत खाली ब्रेक असतो, इथं न्हाई. मी माणसाच्या तोंडाकडं बघत राहिले. ताईंनी हाताकडं बघितलं. त्यांनाच घ्या."

सरांनी होकाराची मान हलवली. तिनं ओढणी सावरली, बाबूशेठना हाताला धरून उठवलं, आणि त्यांना म्हणाली की आता घरी सोडते, आणि परवा पहिल्यापासून सुरू करायचं, पण ताईंच्या हाताखाली. बाबूशेठनी लहान मुलासारखी मान डोलावली. दोघं गाडीत बसून गेले.

वखारीत मी आणि सर उरलो. तंबाखूचा तो जुना वास त्या दिवशी मला पहिल्यांदाच नकोसा वाटला. मी हातातले कापसाचे बोळे पिळत उभी राहिले.

"सर, तुम्ही म्हणाला होता, मध्ये बोलायचं नाही."

"म्हणालो होतो."

"मी बोलले."

"बोललीस म्हणून आज रुग्णवाहिका बोलवावी लागली नाही," सर म्हणाले. "रेंजवर 'थांबा' म्हणायला माझी परवानगी लागत नाही. कुणाचीच लागत नाही."

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण ते तिच्या हातून मिळालं होतं, तिनं सोडलं म्हणून मिळालं होतं, आणि ते माझ्या घशाखाली उतरेना.

"मी तिला वाचवायला ओरडले नाही, सर. तिची चूक तुम्हाला दिसावी म्हणून ओरडले."

सरांनी चष्मा काढला. मोतीबिंदू उतरलेले त्यांचे डोळे राखेच्या रंगाचे दिसत होते.

"मला काय ते ठाऊक नाही होय?" ते म्हणाले. "महिनाभर बघतोय मी. सूर्यवंशींच्या वेळी तू कागदाकडे बघत होतीस. त्यांचं बोट किती वेळा आत राहिलं, तुला पत्ता नाही. माझ्या या डोळ्यांना दिसलं, तुझ्या त्या डोळ्यांना दिसलं नाही. स्वतः शिकवतेस तेव्हा तू निशाण बघतेस, पोरी. तिच्या शिकाऊकडे बघतेस तेव्हा हात बघतेस. तुझ्याइतकं बारीक बघणारं माणूस मी फौजेत सुद्धा पाहिलं नाही."

सूर्यवंशींचं ऐकून माझे कान गरम झाले. माझा तो सुंदर पाठ, ती काळ्यातली भोकं. मी विचारलं, मग माझं नाव तुम्ही कसं पाठवणार.

"पाठवणार. तो डोळा आहे म्हणून. फक्त त्यातला राग काढ."

"राग काढला तर डोळा राहील का?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ते मला माहीत नाही."

माझं नाव गेलं. परीक्षा झाली, कागद आले, सर बेळगावला गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले. भावानं दुकानात एक पोरगी कामाला ठेवली. वहिनीनं पेढे वाटले, आणि पहिला पेढा नसीमभाभीला देऊन आले, असं मला कौतुकानं सांगितलं. नसीम अजून गाडी शिकवते. बाजारपेठेतून जाताना मी दिसले की हॉर्न वाजवते आणि खिडकीतून हात काढून विचारते, "काय वो ताई, बरं चाललंय न्हवं?" रस्त्यातली दहा माणसं तिला नमस्कार करत असतात. मला अजूनही ते बघवत नाही.

सरांनी सांगितलं तसं मी राग काढून बघायचा प्रयत्न केला. पहिल्या दोन-तीन बॅचना अगदी मन लावून, प्रेमानं शिकवलं, आणि दरवेळी शेवटी माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा कागदाकडे बघते आहे. मग एके दिवशी मी दुसरा उपाय शोधला, आणि गेली इतकी वर्षं तो चुकलेला नाही. नवा माणूस माझ्या शेजारी उभा राहतो, पिस्तूल हातात घेतो, आणि मी निशाणावरून नजर काढून, त्याच्या हाताकडे बघत मनाशी म्हणते, हा माझा नाही, हा नसीमचा विद्यार्थी आहे.